नारळावर ठरलेली पुस्तकं

मंगळवार, संध्याकाळ. राजारामपुरी

आमच्या प्रकाशनाची सगळी पुस्तकं स्कॅन करून एआय मशीनला शिकवायला वापरायचा करार घेऊन एका एआय कंपनीचा माणूस आज ऑफिसात आला. सही करणारच होतो, तेवढ्यात त्यानं लेखकांची करारपत्रं मागितली. आमच्याकडे कुठली करारपत्रं? वडिलांपासून रीत एकच, लेखकाच्या हातात नारळ द्यायचा आणि पुस्तक छापायला घ्यायचं.

"मग सगळे हक्क तुमचेच आहेत, एवढं लिहून द्या सर," म्हणाला आणि पेन पुढं केलं. मी ते परत दिलं. खोटं कशाला लिहू? नारळ दिला तो छापण्यासाठी. मशीनला शिकवण्यासाठी दिला होता का?

आमचे सगळ्यात जुने लेखक म्हणजे गडहिंग्लजचे गुरुजी. त्यांना फोन करून सगळं सांगितलं.

"इचारलंस ते बरं केलंस," म्हणाले. "पण हे फोनवर ठरत न्हाय. नारळ घेऊन ये की."

कंपनीला थांबा म्हणून कळवलं. करार जाईल? जाऊ दे. पुस्तकं माझ्याकडंच आहेत, कंपनीवाल्यांना गरज असेल तर ते परत येतील.

उद्या सकाळच्या एसटीनं निघतो. नारळ आणलाय. या वेळी सोबत कागदही घेतलाय, आणि त्यावर हक्कांपुढची जागा कोरी ठेवलीय. ती गुरुजी भरतील.