व्हर्नाच्या विहिरीचं पाणी

६ डिसेंबर
व्हर्नाकडे कॉफी घेतली. खारट! माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "कळलं ना? हल्ली अशीच लागते." नणंद माझी. आमच्या दुकानांच्या खालच्या उतारावर एकटी राहते. पाणी तपासून आणलंय — विहिरीत मीठ उतरलंय. बर्फ वितळावा म्हणून आम्ही हिवाळाभर दुकानांसमोर ओततो, तेच.
मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

९ डिसेंबर
भाडेकरूंना सांगितलं — यंदा मीठ नाही. बर्फ पडला की लगेच फावड्यानं ओढायचा, निसरड्या जागी वाळू टाकायची. औषधवाला ड्वेन म्हणाला, "वाळूनं कधी बर्फ वितळतो का, आर्डिस?"
"वितळू दे नाहीतर राहू दे. पाय ठरला म्हणजे झालं."
"आणि एखादं म्हातारं माणूस आपटलं म्हणजे? माझं गिऱ्हाईक सगळं म्हातारंच आहे."


२ जानेवारी
फावडं मारून खांदे भरून आलेत. कुणी पडलं नाही अजून.

१७ जानेवारी
व्हर्ना पडली.
ड्वेनच्या दाराशी, दिवेलागणीला, रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन बाहेर पडताना. खुबा मोडला. सकाळीच तिथं वाळू टाकली होती मी, स्वतःच्या हातानं. मग काचेसारखा बर्फ आला कुठून? छपरावरून ठिबकलं असेल. मीच बघायला हवं होतं.

१८ जानेवारी
इस्पितळात गेले. गुंगीतच होती. माझा हात धरून म्हणाली, "मी पडले म्हणून मीठ टाकू नकोस हं." डॉक्टर म्हणतात, आता एकटीनं राहणं कठीण.

१९ जानेवारी
टाकलं मीठ. अख्खं पोतं ओतलं. पाणी होऊन उताराकडे वाहत गेलं, ते बघत उभी राहिले.
वाटलं, ड्वेन आता म्हणेल, मी सांगितलं होतं. म्हणाला नाही. नजर वर केली नाही त्यानं.

२४ जानेवारी
दुकान बंद करून ड्वेन घरी आला. बसला नाही. "त्या दिवशी दुपारी मी मीठ टाकलं होतं, तुम्हाला न सांगता. उन्हात सगळं वितळलं, वाळू वाहून गेली. मला वाटलं, झालं काम. अंधार पडल्यावर ते पुन्हा गोठलं."
मी कोट चढवला. "हे तिला तुम्हीच सांगायचं, ड्वेन."
इस्पितळापर्यंत गाडी मी चालवली.