काहून ग्रहाचा बाप

४ जाने., रवि.
गार्डनमधे सात जण जमलो. ग्रुप चालवणाऱ्या मिश्रा भैयाने (पुढे मि.भै. लिहीन, हात दुखते) बातमी दिली. फेब्रुवारीत नागपूरला मेळावा आहे. आपल्यासारखेच येडे येणार, घरी बसून गोष्टींसाठी कागदावर ग्रह बनवणारे, त्यांचे राजे, त्यांच्या लढाया. प्रत्येक ग्रुपला स्टेजवर वीस मिनिटं. एक ग्रह, एक माणूस, सोबत एक मदतनीस चालेल. ३१ तारखेपर्यंत रजिस्टरात जे चढलं त्यातूनच निवड.
रजिस्टर माझ्याकडे. बाबांच्या ऑफिसातलं जुनं रेल्वेचं, कोरं राहिलेलं. रकाने छापलेलेच आहेत: नाम, पिता का नाम, टिप्पणी. आम्ही 'नाम'मधे ग्रह लिहितो, 'पिता का नाम'मधे बनवणारा. एकदा चढलं की पक्कं, मि.भै. पण खोडू शकत नाही. बापाचा रकाना रिकामा असला तर ग्रह बाद. अक्षर माझं चांगलं म्हणून लिहायचं काम माझं. शाळेने तेवढं एक दिलं.
नागपूरला मीच जाणार. माझा धुळीचा ग्रह दोन वर्षांपासून चढलेला आहे. टिप्पणी: 'चालू आहे.' फक्त शेवट राहिला. आणि मधला भाग.

११ जाने., रवि.
नवी पोट्टी आली, श्रुती. घरचे मराठी, आजोळ अमरावतीकडलं, पण रायपुरात वाढली, मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. मी म्हटलं, "आमच्यात काहून आली?" घरी आम्ही 'का'ला काहूनच म्हणतो. ती हसत सुटली. "काहून! मेरी नानी बोलती थी ये!" मग सगळ्यांना तेच पाहिजे. मि.भै. पण सुरू, "काहून रे नितीन, चाय काहून नहीं आई?"
मजा आली. म्हणजे तेव्हा आली.

१८ जाने., रवि.
श्रुतीने ग्रह आणला. सात दिवसांत सात पानं. शेवटासकट!
नाव काय, तर काहून.
उभी राहून वाचायला लागली. "काहून ग्रह पर कोई दरवाज़ा तब तक नहीं खुलता, जब तक बाहर वाला पूछे नहीं, काहून?" पहिलं पान संपेस्तोवर राजू अर्धा समोसा हातात धरून बसलेला. राजू! जो माझ्या वाचनात मोबाईल पाहते.
मी उठलो. गाडीचा स्टँड नीट लागला नाही म्हटलं. तलावाकडे गेलो, तिथे एक जण बांबूने पाण्यावर पसरलेली जलकुंभी ओढून राहिला होता, हिरवा ढीगच्या ढीग, त्यालेच पाहत बसलो. परत आलो तर टाळ्या चालू. मि.भै.ने पानं माझ्या हातात दिली, "ये हुई ना बात! नितीन, चढ़ा दे."
शब्द माझ्या तोंडातून निघाला. अकरा तारखेला. सगळे साक्षीदार.

२० जाने.
चढवलं नाही. पेन चालत नव्हता.
दुसरा पेन होता.

२३ जाने.
मि.भै.चा फोन. "श्रुती वाला चढ़ गया?"
"हव भैया."
'हो' पटकन निघालं तोंडातून.
मग बेचैन वाटलं, गाडी काढून नवा रायपूर. माझ्या ग्रहासारखंच आहे ते, रुंद रस्ते अन माणूस नाही. डिव्हायडरवर बसून शेवट लिहायचा होता. चार ओळी झाल्या. तेवढ्यात एक काका काकूंना कार शिकवायला आले. काकू दर वेळी ब्रेकऐवजी वायपर लावत होत्या. काका बाहेर उतरून हात जोडत होते. ते संपेपर्यंत ऊन उतरलं.
चार ओळी आता वाचल्या. धूळच धूळ.

२५ जाने., रवि.
श्रुती पुरानी बस्तीतल्या भंगारवाल्याकडून जुन्या दारांच्या कड्या घेऊन आली. काहून ग्रहाचे लोक म्हणे गळ्यात कडी घालतात. सगळ्यांनी घातली. माझ्या गळ्यात तिनेच अडकवली. जड आहे. आयडिया चांगली आहे, ते सोडा.
"भैया, मेरा चढ़ गया ना? पिता में मेरा नाम अजीब लगेगा. काट के माता कर देना!"
सगळे हसले. मी पण, दात दाखवून.
निघताना हळूच म्हणाली, "आपका धूल वाला पढ़ाओ ना कभी."
"चालू आहे," म्हटलं.

२७ जाने.
शेवटी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.
"एका पोट्टीनं माझा शब्द चोरला."
"कोणता?"
"काहून."
लाटणं थांबलं. "काहून? काहून काय तुह्या बापाचा हाये?"
आतून बाबा, "माह्यं नाव काहून घेऊन राहिली?"
दोघंही हसून राहिले. मी जेवलो नाही. मग जेवलो.

२९ जाने.
सातही पानं वाचली. आजपर्यंत एकच ऐकलं होतं, इतका जळलो ते एका पानावर.
शेवटी एक म्हातारी आहे. तिचं दार कोणी उघडत नाही. कुलूप नाही काही नाही, पण नातवंडं दुसरीच भाषा बोलायला लागली, 'काहून' कोणाला विचारताच येत नाही. ती आत कडीला हात लावून बसलेली. बस, संपलं.
चूक शोधली. चौथ्या पानावर 'दरवाज़े कि कड़ी', 'कि' ऱ्हस्व. दीर्घ केली. मग स्वतःचाच राग आला, तिचं कशाला सुधारून राहिलो मी?
मला नसतं सुचलं. हे इथेच लिहितो, अजून कुठे नाही.

३० जाने.
चढवायला बसलो. सातही पानं, टिप्पणीच्या रकान्यातून पुढच्या पानांवर. अक्षर असं लागलं की माझं मलाच पाहत बसावंसं वाटलं. इतकं चांगलं मी माझा ग्रह पण नाही लिहिला.
नाम: काहून.
पिता का नाम: इथे पेन्सिल घेतली. श्रुती लिहिलं. खोडलं. नितीन लिहिलं.
छान दिसते.
खोडलं. डाग राहिला.

३१ जाने., शनि.
मि.भै. पाच वाजता रजिस्टर न्यायला येणार. श्रुतीचा मेसेज: "नागपुर मैं गई तो आप भी चलना. स्टेज पे काहून कोई ठीक से बोलने वाला चाहिए. मेरे से नहीं निकलता."
म्हणजे तिचा ग्रह, अन मी बोलायला. बाजूला उभा.
किंवा तिला खरंच येत नाही म्हणून. माहीत नाही. तीनदा वाचला मेसेज.
पाऊण वाजला, दोन, चार. या वेळात सायकलची चेन साफ केली, जी माझी नाही, शेजाऱ्याची आहे.
पाच. पेन उघडा आहे, शाईचा. त्या डागावर काहीही लिहिलं तर आता खोडता येणार नाही. नाही लिहिलं तर ग्रह बाद, अन कोणाला कळणार पण नाही, म्हणतील विसरला, नितीन आहे तो.
खाली हॉर्न. मि.भै.
"नितीन! ला रे रजिस्टर!"
कडी खिळ्याला टांगलेली आहे. हलून राहिली, पंख्यानं.
दुसरा हॉर्न. आई येऊन दाराबाहेर उभी.
"जा नं, तो बोलावून राहिला. काहून बसला?"