मोकळी मनगटं

६ नोव्हें.
सकाळीच बांगड्यांवरून वाजलं. डोळ्यांच्या औषधाचा कारखाना आमचा. निर्जंतुक खोलीत बांगडी, कुंकू, पावडर काही चालत नाही. तिथल्या भिंती-जमिनी जंतुनाशकानं पुसणं हे माझं काम. सासूबाई म्हणाल्या, "माह्या लेकाचं रक्त बिघडलं, अन् तू रोज मोकळ्या हातानं जाऊन राह्यली. काऊन?"
हे अंथरुणातून म्हणाले, "माय, तिचे हात मोकळे हायत म्हून लोकायचे डोळे वाचून राह्यले." मग नेहमीसारखा माझ्या हाताला साबण लावून बांगड्या ह्यांनीच उतरवल्या. बोटांत जोर नाही आता. पार थकले.

९ नोव्हें.
कामात चित्त नाही. जंतुनाशक फासलं की ओलंच राहू द्यावं लागतं, लगेच कोरडं केलं तर जंतू जगतात. ओल्या जमिनीकडे बघत उभी होते. फोन बाहेर कपाटात. निघाल्यावर बघते तर घरून सारखे फोन. ह्यांना ताप चढला, ऑटोनं जैनथहून आदिलाबादला आणलंय. तशीच दवाखान्यात.

१० नोव्हें.
वेगळ्या खोलीत ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, पांढऱ्या पेशी फार उतरल्या, साधा जंतूही भारी पडेल. सासूबाईंनी बासरच्या देवळातला अंगारा आणला. मी आत नेऊ दिला नाही.
"तू बायको हायेस का वॉचमन?"
जिन्याखाली जाऊन रडले. एवढ्या भिंती पुसते, ह्यांच्या रक्तातलं मात्र काही पुसता येत नाही.

१२ नोव्हें.
ताप हटत नाही. नर्सनं सासूबाईंना आत सोडायचं कबूल केलं, पण हातातलं सगळं काढून, हात धुऊन. सासूबाई जागच्या जागी थिजल्या. मामंजी बाकावर बसले होते, धडधाकट. सासूबाई त्यांच्याकडेच बघत राहिल्या.
मामंजी म्हणाले, "काढ वं. मले काई होत नाही."
मग सासूबाईंनी हात माझ्यापुढे केले. साबण लावून एकेक उतरवली. एकही वाढू दिली नाही. नखं, अंगठ्याची बेचकी, मनगट, सगळं चोळून दाखवलं. लहान पोरीसारखं पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "झाले का वं साफ?"
आत ह्यांच्या पायाला हात लावून उभ्या राहिल्या. ह्यांनी डोळे उघडले नाहीत.
दोघींच्या बांगड्या माझ्या पिशवीत, एकाच रुमालात. बाहेर आल्यावर त्यांच्या द्यायला लागले.
"राहू दे," म्हणाल्या. "उद्या पुन्हा आत जायाचं हाये."