धुराची दिशा

५ मार्च
बावीस वर्षे मुलुंड ते अंधेरी या भूप्रदेशातील मॉलांना शीतलता प्रदान केल्यावर अस्मादिकांस लोककल्याणाचा दृष्टांत झाला. निमित्त शिरीष: कॉलेजातला बाकसोबती, हल्ली सरकारी सल्लागार. घातक जंतू हाताळणाऱ्या प्रयोगशाळांसाठी नियम लिहिणारी समिती होतेय. "डॉक्टरांना जंतू कळतात रे, हवा कुठे कळते? इंजिनियर हवाय. तू ये." तत्पूर्वी अंधेरीतल्या एका प्रयोगशाळेची तपासणी, लेखी अहवाल. इतका सन्मान, एकाएकी? संशयास्पद.

१० मार्च
तपासणी. तत्त्व सोपे: हवा खोलीत शिरावी, बाहेर पडू नये, जंतू तिच्याचबरोबर प्रवास करतात. दारावरचा दाबमापक आदर्श आकडा दाखवीत होता. दार सताड उघडले. काटा तरीही अचल, स्थितप्रज्ञ! म्हणजे मापक बंद. हवेची दिशा पाहायला खिशातली अगरबत्ती पेटवून उंबऱ्याशी धरली. सफाईच्या मावशींनी हात जोडले. "पूजा हाय काय सायेब?"
धूर बाहेर. थेट मावशींच्या दिशेने. दुपारचा डबा त्या रोज तिथेच बसून खातात.

११ मार्च
शि.ला फोन. धुराची हकीकत सांगितली. मग, "यार, पहिल्याच अहवालात बॉम्ब? 'किरकोळ त्रुटी' लिही ना. करतील ते दुरुस्त." आणि त्याच श्वासात, "समितीचं पत्र निघालंय, बरं का."
आमिष! सौ.पुढे सिद्धांत मांडला.
"तुला कोणी लाच द्यावी, एवढा मोठा तू कधी झालास रे?"

१२ मार्च
पत्र आले. 'सदस्य, अभियांत्रिकी'. तीनदा वाचले. दिनांक ९, म्हणजे तपासणीच्या आदल्या दिवशीचा. अर्थात आमिष नव्हे. की आगाऊ आमिष?
पुन्हा मॉल नकोत. खरेच नकोत.
'किरकोळ' लिहून पाहिले. अक्षर सुरेख आले. पण मावशींचा तो डबा…

१३ मार्च
खोडले. लिहिले: "धूर बाहेर येतो. दुरुस्तीपर्यंत काम बंद ठेवावे." स्वाक्षरी केली, रवाना केले.
सायंकाळी शि.चा मेसेज: "सोमवारी बैठकीला ये. अगरबत्ती आण."
उपहास? आवाहन? फोन उचलत नाही.

१५ मार्च
उद्या बैठक. इस्त्रीचा सदरा सिद्ध. मेसेजचे चौदावे पारायण. अर्थ अद्याप अगम्य. सौ.ने न विचारता बॅगेत पुडा टाकला.
"मोगरा दिलाय. हाकललंच, तर येताना देवळात लाव."