नणंदेवरचा आळ आणि जंतूची भिंत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त जंतुशास्त्रज्ञ, पूर्ण शुद्धीवर असून राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घर विकणार नाही म्हटल्यावर मुलाला शंका आली होती. लिहिण्याचं खरं कारण चौथं कलम आहे. माझ्या नणंदेवर सव्वीस वर्षं असलेला आळ मला उतरवायचा आहे.

१. राहतं घर मुलाला. मनातल्या मनात त्याने ते केव्हाच विकलंय.

२. सूक्ष्मदर्शक आणि रंगवलेल्या स्लाइडींची पेटी आमच्या माजी विभागप्रमुखांना. क्षयाच्या जंतूच्या भिंतीवर साहेबांनी अकरा शोधनिबंध लिहिले, तेही माझ्या वह्या वाचून. आता एकदा ती भिंत डोळ्यांनी पाहावी.

३. माझं ज्ञान कुणालाच नको असल्याने इथेच ठेवते. या भिंतीत आत एक जाळी, जाळीवर साखरेच्या लांब साखळ्या, आणि साखळ्यांच्या टोकांना मायकोलिक आम्लं, म्हणजे मेणच म्हणा. जंतू ते आत तयार करतो, ट्रेहॅलोज नावाच्या साखरेवर लादून बाहेर पाठवतो आणि माल उतरला की साखर परत आत घेतो. आमच्या संस्थेत इतकं शहाणं खातं एकही नव्हतं. या मेणामुळे स्लाइडवर जंतूला दिलेला लाल रंग आम्लाने धुतला तरी जात नाही. क्षयावरची आयसोनियाझिडची गोळी मेण बनवणंच बंद पाडते. मग रंग टिकत नाही, आणि जिवंत जंतूही स्लाइडवर दिसेनासा होऊ शकतो. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. मुलं शिकली, मी तेवढी शिकायची राहिले.

४. माझ्या नवऱ्याला क्षय झाला. मी दिवसभर प्रयोगशाळेत; घरी नणंद भावाला गोळ्या द्यायची. तिसऱ्या महिन्यात त्याच्या थुंकीची स्लाइड मी स्वतः पाहिली. एकही लाल कांडी नाही. गोळ्यांनी त्याला मळमळायचं, म्हणून मी त्या बंद केल्या.

"वहिनी, डॉक्टरांना विचारा तरी. अजून ताप येतोय त्याला."

"जंतू तू पाहिलेस की मी?"

तीच थुंकी प्रयोगशाळेत बाटलीत वाढीलाही ठेवली होती; सहा आठवड्यांनी तिच्यातून जंतू वाढले. मी नोंदवहीत "नमुना दूषित" असं लिहिलं आणि बाटली नष्ट केली. गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण उशीर झाला होता. तो गेला. भेटायला आलेल्यांना मी सांगितलं, "नणंदबाईंनी गोळ्या चुकवल्या." ती समोरच बसली होती. त्यानंतर या घरात तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तिने एकही गोळी चुकवली नव्हती. मला फार लाज वाटते.

५. नणंदेला काहीही देत नाही. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये, असं वकील म्हणतात, आणि मला या कागदावर तिचीच सही हवी आहे. काल फोन केला.

"आता कशाला हवी मी?"

"सही करायला."

"आधी वाचीन," ती म्हणाली. माझ्या नुसत्या शब्दावर विसंबायचं नाही, हे माझ्या नवऱ्याला कळलं असतं, तर तो अजून जगला असता.

ठिकाण : माझं स्वयंपाकघर
दिनांक : ११ ऑगस्ट
सही : मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १ : शेजारचे डॉक्टर. सही.

साक्षीदार २ : नणंद. सही.
वाचलं. तुमच्या मुलाला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. सही केली म्हणजे माफ केलं असं नाही, वहिनी.