रुखवतातला हंस

१० एप्रिल, दुपारी ३.४०
माझ्या साखरेच्या हंसाची मान पडली. सकाळी ताठ होती. जेवून आले तर चोच पोटात खुपसलेली. वर्गातला एकमेव कूलर मी सीनियर सिटिझन म्हणून माझ्या टेबलाशी लावून घेतलाय. म्हणजे सर्वांत थंड जागा माझी, आणि पडला माझाच हंस. साखर भेसळीची आहे, हे उघड आहे.

११ एप्रिल
शेफ प्रेरणाकडे तक्रार केली. वय सव्वीस, गाव वैजापूर. पाकाचा गरम गोळा ओढून त्याचे पक्षी, फुलं करायला शिकवते. म्हणाली, "काकू, साखर गरमीला नाही भीत, ओलीला भिते. कूलर बंद करा." काकू म्हणायचं नाही, हे तिला दोनदा सांगून झालंय. मी सिस्टर अ‍ॅग्नेसच्या हाताखाली फिजिक्स शिकले. उष्णतेनं वस्तू वितळते, हे मला वैजापूरहून कळायला नको. कूलर दोनवर होता, तीनवर केला.

१४ एप्रिल
जयंतीची सुट्टी. घरी सराव. हंस झाला. मान आखूड, पण भारदस्त. ओट्यावर वाळत ठेवला. आठ दिवसांनी नळ आला होता. कडूबाईंनी तुरटी समजून हंस पाण्याच्या ड्रममध्ये फिरवला. भांडी घासणाऱ्या बाईला कलेतलं काय कळणार? संध्याकाळी ड्रममधून कळशीभर पाणी नेलेल्या शेजारणीनं विचारलं, तुमच्याकडं पाणी गोड येतं का.

१७ एप्रिल
निश्चय: यापुढे रोज दोन हंस.
अमृताचं लग्न तीसला. ती धाकट्या जावेची, सुलेखाची मुलगी. आमच्या घरच्या एकाही रुखवतात माझं काही धड मांडलं गेलेलं नाही. मागच्या लग्नात मी विणलेला रुमाल होता, पण त्यावर सुलेखाच्या चिरोट्यांचं ताट. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढल्यामुळे मला घरचं काही येत नाही, असा या लोकांचा समज आहे. अमृता मात्र स्वतःहून म्हणाली, "मोठी आई, मधली जागा तुझी." तेव्हापासून झोप नाही. उत्साहानं.

१८ एप्रिल
एकही हंस नाही. बोटं भाजली. हातमोजे निकृष्ट.

२८ एप्रिल
जमला! पांढराशुभ्र, डोळ्यांच्या जागी दोन लवंगा. मानेला प्रेरणानं जरा हात लावला. पंखांनाही. कल्पना सर्वस्वी माझी.
तिनं तो हवाबंद डब्यात घालून दिला आणि आत कसल्याशा पुड्या टाकल्या. घरी येऊन बघते तर पुड्यांवर लिहिलंय, खाऊ नये. खाण्याच्या वस्तूजवळ! फेकून दिल्या. झाकणही थोडं उघडं ठेवलं. कोंडल्यासारखं वाटत होतं.

३० एप्रिल, सकाळी ९
हॉल. हंस मधोमध. किंचित चिकट, पण तेज वाढलंय. सुलेखानं स्वतः करंज्यांचं ताट बाजूला सरकवलं. हा क्षण बघायला मी वीस वर्षं थांबले. ऊन मी म्हणतंय. मॅनेजरला फैलावर घेऊन मोठा कूलर रुखवताकडे वळवून घेतला. टाकी काठोकाठ भरून घेतली.

१ मे
काल मंगलाष्टकं संपल्यावर पन्हं आलं. उत्तम. लवंगेचा स्वाद. दोन ग्लास घेतले, आणि कोणी केलं म्हणून कौतुकानं विचारलं. सुलेखा म्हणाली, "जाऊबाई, तुमचाच हंस. ताटात नुसता पाक उरला होता. एकतारी साधलाय हो!"
अमृता मुंडावळ्या सावरत सासूला सांगत होती, हे आमच्या मोठ्या आईच्या हातचं. सासूनं तिसरा ग्लास मागितला.

आज हॉलच्या मॅनेजरला पत्र टाकलं: कूलर पूर्ण वेगात, तोंड थेट हंसाकडे, टाकी भरलेली, असं असताना हवा पुरेशी थंड का नव्हती? याचं लेखी उत्तर बुधवार, ७ मे, सायंकाळी पाचच्या आत मिळालं पाहिजे.