तामड्याच्या कुड्या

सोलापूर, बुधवार, डिसेंबर १९२९

विधवा होऊन माहेरी परतलेल्या अक्काच्या तामड्याच्या कुड्या आज मी मागून घेतल्या, माझ्या बायकोसाठी. आजीच्या वेळच्या. सोने झिजले आहे, पण रिठ्याच्या पाण्यात धुतल्यावर ते लाल खडे डाळिंबाच्या दाण्यांसारखे उजळले. अक्का म्हणाली, "कमळे, शोभतात की गं तुला. संक्रांतीला घाल." मी एवढ्यावर थांबायला हवे होते. तिच्या कानांत कडुनिंबाच्या काड्या होत्या, भोके बुजू नयेत म्हणून. दोन वर्षे ती त्या बदलत होती. मी म्हणालो, "आता काड्या कशाला, अक्का?" का म्हणालो? कमळा हसली. अक्काने दोन्ही काड्या काढल्या आणि चुलीत टाकल्या. चहा त्याच चुलीवर झाला. मी प्यालो.